जपानला कॅमेरा घेऊन जाताय? आधी बॅटरी, कार्ड आणि पट्ट्याचं बघा

या वेळी परदेशवारीचे प्रश्न बरेच आलेत, त्यातले तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने पुष्कळांनी विचारलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं नवरा-बायको जपानला चाललोय, टोकियो, कावागुचिको आणि क्योतो, ऐन साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, दिवसांत. दिवाळीला कॅनन आर५० घेतला, सोबत १८-४५ आणि ५५-२१० अशा दोन लेन्स मिळाल्या. फोटोग्राफीत मी अगदीच नवीन आहे. दुकानदाराने ॲक्सेसरीजची यादी लिहून दिलीय: दोन्ही लेन्सला यूव्ही फिल्टर, सीपीएल, एनडी फिल्टरचा सेट, सहा फुटी ट्रायपॉड, बाहेरचा फ्लॅश, मोठी कॅमेरा बॅग, दोन बॅटऱ्या, मेमरी कार्ड. सगळं मिळून वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातंय. काय घेऊ आणि काय सोडू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : यादी मी उलटीकडून वाचायला सांगेन. सगळ्यात शेवटी लिहिलेल्या बॅटऱ्या आणि कार्ड आधी घ्या, कारण बाकी काहीही नसलं तरी फोटो निघतो, पण दुपारी तीनला टोकियोतल्या सेन्सोजी देवळाच्या दारात बॅटरी संपली किंवा कार्ड रुसलं की मग लाखाचा कॅमेरा असो नाहीतर दहा लाखांचा, काही उपयोग नाही.

आर५० मध्ये एलपी-ई१७ बॅटरी लागते आणि ती लहानखुरी आहे, सकाळी सातला बाहेर पडून रात्री दहाला हॉटेलवर येणाऱ्या माणसाला एक काही पुरत नाही. कॅमेऱ्यासोबतची एक आणि वर एक जादा, व्हिडिओही काढणार असाल तर वर दोन, आणि त्यातली निदान एक तरी कंपनीची ओरिजिनल घ्या. आता ती बॅटरी हातात घेऊन पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. ७.२ व्होल्ट आणि १०४० एमएएच असं दिसेल, या दोन आकड्यांचा गुणाकार करून हजाराने भागलं की साडेसात वॉट-अवर येतात. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे तुम्ही निर्धास्त, फक्त सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, केबिन बॅगेतच ठेवायच्या आणि त्यांच्या धातूच्या टोकांवर प्लास्टिकचं झाकण किंवा चिकटपट्टी लावायची. पॉवर बँकेलाही तोच नियम. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे चालते, पण ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नका, सीटजवळ दिसेल अशी ठेवा, जपानी विमान कंपन्या तसं सांगतात.

चार्जिंगचं म्हणाल तर जपानात वीज १०० व्होल्टची आणि भिंतीत दोन चपट्या पिनांचा सॉकेट, आपली गोल पिन तिथे जाणारच नाही. चार्जरवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं, ते एकदा बघून घ्या, म्हणजे व्होल्टेज बदलणारं जड यंत्र कुणी गळ्यात मारायला बघितलं तर नको म्हणता येईल. चपट्या दोन पिनांचा साधा ॲडॉप्टर पुरे, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. लॅपटॉपचा तीन पिनी प्लग असेल तर ॲडॉप्टर घेताना तो त्यात बसतो ना तेवढं बघा. आणि एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड नेला तर फार बरं पडतं, तिथल्या हॉटेलच्या खोल्या लहान असतात आणि दोघांचे फोन, कॅमेरा, पॉवर बँक सगळं रात्री एकदमच लावायचं असतं.

कार्डाबाबत माझा आग्रह आहे की १२८ किंवा २५६ जीबीचं एकच घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन-तीन घ्या. आर५० ला कार्डाचा स्लॉट एकच आहे, म्हणजे एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवायची सोय नाही, आणि एका कार्डात सगळी ट्रिप असणं म्हणजे जीव टांगणीला. यूएचएस-१, व्ही३० (या कार्डाच्या वेगाच्या खुणा) असं लिहिलेलं नावाजलेल्या कंपनीचं कार्ड भरपूर झालं, यूएचएस-२ ला जादा पैसे देऊन या कॅमेऱ्याला काही फायदा नाही. बनावट कार्डं बाजारात खूप फिरतात, ६४ लिहिलेलं असतं आणि आत जागा त्याहून कितीतरी कमी, वरून ते भरत राहतं आणि फोटो मात्र उघडत नाहीत. म्हणून घरी आणल्यावर कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून कार्ड काठोकाठ भरून तपासा आणि मगच कॅमेऱ्यात टाकून फॉरमॅट करा. सोबत फोनला लागणारा एक छोटा यूएसबी-सी कार्ड रीडर घ्या. रोज रात्री त्या दिवसाचे चांगले फोटो फोनवर किंवा छोट्या एसएसडीवर उतरवा आणि कार्डावरचे पुसू नका, घरी परत येईपर्यंत काहीच पुसायचं नाही.

आता ट्रायपॉड. सहा फुटी ट्रायपॉड नेऊच नका असं मी स्पष्ट सांगते. क्योतोतल्या बऱ्याच देवळांत आणि बागांत ट्रायपॉड लावू देत नाहीत, टोकियोत शिबुया स्कायच्या गच्चीवरही नाही, आणि साकुराच्या दिवसांत फुटपाथवर जी गर्दी असते त्यात तीन पाय पसरून उभं राहणं म्हणजे मागच्या शंभर माणसांची वाट अडवणं, तिथल्या लोकांना ते अजिबात आवडत नाही. तुमचा कॅमेरा १८-४५ लावून जेमतेम अर्धा किलो भरतो, त्याला वीतभर उंचीचा टेबल ट्रायपॉड पुरतो. कावागुचिको तळ्याकाठी पहाटे कठड्यावर ठेवून फुजी पर्वताचा फोटो घ्यायला किंवा दोघांचा एकत्र टायमर लावून काढायला तो छान आहे. एनडी फिल्टर म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, तिचं काम दिवसाढवळ्या लांब एक्स्पोजर घ्यायचं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, ते ट्रायपॉडशिवाय होत नाही, त्यामुळे ट्रायपॉड सुटला की ते आपोआप सुटले. फ्लॅश कॅमेऱ्यातच एक आहे आणि तोही देवळांत बंद ठेवायचा असतो, बाहेरच्याची पदरमोड कशाला?

हे सगळं वाचवून जे पैसे उरतील त्यात ५० एमएम एफ/१.८ लेन्स घ्या. ती यादीत नव्हती, पण तुमच्या सगळ्या पैशांत सर्वांत जास्त फरक हीच पाडेल. हिशेब बघा. तुमची १८-४५ लेन्स ४५ वर नेली की एफ/६.३ होते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), आणि ५० एमएम एफ/१.८ वर त्याच्या साधारण बारा पट उजेड आत घेते. संध्याकाळी शिंजुकूतल्या त्या चिंचोळ्या गल्ल्या, कंदिलाच्या उजेडात रामेन खाणारी माणसं, नदीकाठी रात्री दिवे लावलेली साकुराची झाडं, हे सगळं फ्लॅश न मारता आणि फोटो दाणेदार न होता हातात धरून टिपता येतं. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आर५० वर ही लेन्स ८० एमएमसारखी दिसते, म्हणजे अरुंद गल्लीत मागे सरकावं लागतं, अख्खं देऊळ यात मावणार नाही, त्याला १८-४५ च. दुसरं, या लेन्समध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नाही आणि कॅमेऱ्याच्या बॉडीतही नाही, म्हणून शटर स्पीड १/१०० च्या खाली जाऊ देऊ नका, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ३२०० किंवा ६४०० करावा लागला तरी करा. थोडा ग्रेन चालतो, हललेला फोटो चालत नाही. विकत घेणं बजेटात बसत नसेल तर पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात.

फिल्टरमध्ये यूव्हीची गरज नाही, डिजिटल सेन्सरसाठी त्याचं मूळ काम उरलेलं नाही आणि स्वस्तातली काच लेन्सपुढे लावली की रात्रीच्या दिव्यांचे डाग फोटोत उमटतात. लेन्सला जपायचं असेल तर हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी बसणारी प्लास्टिकची कड, लावा. कॅनन या लेन्ससोबत हूड देत नाही, १८-४५ साठी ईडब्ल्यू-५३ वेगळा घ्यावा लागतो, तो धक्क्यापासूनही वाचवतो आणि तिरप्या उन्हापासूनही.

सीपीएल, म्हणजे चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर, मात्र घ्या, चांगल्या काचेचा एकच. १८-४५ ला ४९ एमएमचा लागतो आणि ५५-२१० ला ५५ चा, तर दोन घेण्याऐवजी ५५ चा एक घेऊन ४९-५५ ची स्टेप-अप रिंग घ्या, रिंग अगदी स्वस्त असते (सीपीएल असा लावला की हूड बसणार नाही, तेवढं चालवून घ्या). सूर्य उजव्या किंवा डाव्या हाताला असेल तेव्हा आकाश गडद निळं होतं आणि त्यावर फिकट गुलाबी फुलं उठून दिसतात, पावसात भिजलेल्या पानांवरची चकाकी जाते. पण तो लावून विसरून जायचं नसतं, पुढची रिंग हाताने हळूहळू फिरवत स्क्रीनकडे बघायचं. क्योतोच्या किनकाकुजीला सोनेरी देवळाचं तळ्यात जे प्रतिबिंब पडतं, ज्यासाठी सगळं जग तिथे जातं, ते सीपीएल थोडा इकडे फिरवला तर फिकं पडतं आणि थोडा तिकडे फिरवला तर पुन्हा येतं. संध्याकाळ झाली की काढून ठेवा, एक ते दोन स्टॉप उजेड तो खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

मोठी कॅमेरा बॅग नको. मऊ कप्प्यांचं इन्सर्ट मिळतं, ते नेहमीच्या सॅकमध्ये टाका, बऱ्याच विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा सात किलोच असते आणि लोकलच्या गर्दीत सॅक पुढे छातीशी घ्यावी लागते. पट्टा मात्र बदला. खोक्यातला पट्टा मानेला काचतो, आणि मान दुखायला लागली की दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा बॅगेतच राहतो, हे फार जणांचं होतं. रुंद, मऊ, आडवा खांद्यावरून घेता येणारा पट्टा घ्या.

आर५० पाण्यापासून सुरक्षित नाही आणि तिथे त्या दिवसांत पाऊस येऊन जाऊन असतो. दोन झिपलॉक पिशव्या, एक शॉवर कॅप, हवा मारायचा रबरी ब्लोअर, मायक्रोफायबरचं फडकं, झालं सगळं.

काही राहिलंच तर घाबरू नका, अकिहाबारा आणि शिंजुकूला योदोबाशी कॅमेराची अवाढव्य दुकानं आहेत, फिल्टरपासून पट्ट्यापर्यंत सगळं मिळेल. नवीन कॅमेरा बॉडी तिथे घ्यायचा मोह झाला तर आधी मेनू इंग्रजीत होतो का आणि वॉरंटी भारतात चालते का हे विचारा, काही मॉडेल फक्त जपानी मेनूची असतात. स्वतःचा कॅमेरा नेताना बिलाची प्रत जवळ ठेवा, आणि सामान महागडं असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं, म्हणजे परत येताना ही वस्तू आपलीच होती हे सिद्ध करायला त्रास नाही. आणि क्योतोच्या गिओन या जुन्या वस्तीत खासगी गल्ल्यांत फोटो काढायला बंदी आहे, दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावल्यात. मायको (गेइशाचं शिक्षण घेणारी तरुणी) दिसली की तिच्या मागे धावू नका, ती कामावर निघालेली बाई असते.

एवढं सामान जायच्या निदान तीन आठवडे आधी घ्या आणि रोज संध्याकाळी आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या घाटावर जाऊन दिवे लागल्यावर ५० एमएमने फोटो काढा. अंधारात आयएसओ कुठल्या बटणावर आहे ते बोटांना कळायला हवं. आणि टोकियोत उतरल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ साडेतीन तास पुढे करा, नाहीतर घरी आल्यावर फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो तारखेवार लावताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : ताई, मी सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी जर्मनीला चाललेय. दादाचा जुना निकॉन डी३५०० आणि १८-५५ लेन्स मला मिळालीय. तिथल्या थंडीत कॅमेऱ्याला काही होईल का, आणि कुठल्या ॲक्सेसरीज इथूनच नेऊ? (एक विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर : अगं, छान कॅमेरा मिळालाय तुला, बिनधास्त ने. डीएसएलआर असल्यामुळे बॅटरीच्या बाबतीत तू सुखी आहेस, कंपनीच्या मोजणीत एका चार्जमध्ये दीड हजारांवर फोटो निघतात, तेव्हा एकच जादा ईएन-ईएल१४ए घे. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते म्हणून ती जादाची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेव, बाहेरची संपली असं दाखवलं तर अदलाबदल कर, ऊब मिळाली की संपलेली वाटणारी पुन्हा थोडी चालते.

थंडीने कॅमेऱ्याला सहसा काही होत नाही, त्रास होतो तो थंडीतून एकदम हीटर लावलेल्या खोलीत शिरताना. गार लेन्सवर लगेच दव धरतं, बाहेरून आणि कधी आतूनसुद्धा. तू गोव्याची आहेस, एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर धुकं येतं ना, तसंच. म्हणून बाहेर असतानाच कॅमेरा झिपलॉकमध्ये घालून हवा काढून बंद कर, खोलीत आल्यावर तासभर तसाच राहू दे, मग उघड. कार्ड हवं असेल तर बाहेर असतानाच काढून घे.

इथून दोन गोल पिनांचा युरोपचा ॲडॉप्टर, सिलिका जेलच्या पुड्या आणि कार्ड ने. ट्रायपॉड नेऊ नको, बॅगेत त्या वजनाचे मसाले आणि कपडे ने, तिथे विद्यार्थी परत जाताना सामान विकत असतात. नोव्हेंबरपासून चार-पाच वाजताच अंधार होतो, तेव्हा थोडे पैसे साठले की निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स लेन्स सेकंडहँड बघ, घेताना एएफ-एस लिहिलंय ना ते बघ, नाहीतर डी३५०० वर ऑटोफोकस चालत नाही. आणि तिथे अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू येईल असा फोटो त्याला न विचारता इन्स्टाग्रामवर टाकू नको, तिथला कायदा त्याबाबत कडक आहे.

प्रश्न : मुलाकडे स्वित्झर्लंडला जातोय, युंगफ्राउयोखला नेणार म्हणतो. छोटा डिजिटल कॅमेरा आहे. बर्फात फोटो काळपट येतात असं ऐकलं, त्यासाठी कुठला फिल्टर घ्यावा? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, फिल्टर घेऊ नका. एवढं पांढरं समोर दिसलं की कॅमेऱ्याला उजेड फार झाला असं वाटतं आणि तो फोटो गडद करतो. मेनूत अधिक-उणे असं चिन्ह असतं, एक्स्पोजर काँपेन्सेशन म्हणतात त्याला, ते अधिक एकवर न्या आणि स्क्रीनवर बघून गरज पडली तर थोडं आणखी वाढवा. खाली उतरल्यावर परत शून्यावर आणायचं. वर ३,४५४ मीटर उंचीवर बोटं गारठतात, तेव्हा टच स्क्रीनवर चालणारे हातमोजे आणि मनगटात अडकवायची दोरी एवढं घ्या. वर पोचल्यावर आधी थोडं बसा, पाणी प्या, दम लागतोय का बघा आणि मग कॅमेरा काढा.