टॅब घेण्याआधी वाचन कुठे अडतंय ते बघा

ताई, मुलगा तिसरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, वाचताना पहिलं अक्षर बघून शब्द अंदाजाने ठोकतो, आणि ऐरोलीत घरी येऊन गेलेला माणूस ३२,००० रुपयांचं टॅब-पॅकेज गळ्यात मारतोय. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नका. अशा पॅकेजमध्ये मुख्यतः व्हिडिओ असतात. व्हिडिओ बघताना मूल ऐकतं, वाचत नाही, आणि अडलंय ते वाचन.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेची ‘असर’ वाचनचाचणी घरीच घ्या. ती मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मोफत मिळते. मराठीत सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदापासून. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा एकेक शब्द सुटा वाचला, तर शब्दांच्या रकान्यावर या. कोणतेही पाच शब्द, त्यांतले चार बरोबर हवेत. तेही जमलं नाही तर अक्षरं, नियम तोच. शिवाय कागद बाजूला ठेवून तोंडी विचारा: ‘कमळ’मधलं ‘क’ काढलं तर काय उरतं? हे न जमणाऱ्या मुलाला नुसती अक्षरांची कार्डं पुरत नाहीत. त्याच्याशी आधी आवाजांचे तोंडी खेळ खेळायला हवेत.

मराठी बरं आणि इंग्रजीच अडत असेल, तर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांचे आवाज नीट शिकवलेले नसतात. तिथे फोनिक्स लागेल, म्हणजे अक्षरांचे आवाज शिकून ते जोडत वाचायची पद्धत. क्रम एस, ए, टी, पी, आय, एन असा धरा, कारण एवढ्या सहा अक्षरांत ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’ असे बरेच शब्द होतात. आपल्याकडे एक चूक हमखास होते. आपण ‘बी’चा आवाज ‘ब’ असा पूर्ण सांगतो, मग मूल जोडताना ‘ब-अॅ-ट’चं ‘बअॅट’ करतं. आवाज तोडून सांगा: ब्, अॅ, ट्.

पुस्तक घेताना दुकानातच चित्रावर हात ठेवा आणि मुलाला वाचू द्या. वीस शब्दांत एकापेक्षा जास्त शब्द शिकलेल्या अक्षरांतून वाचता येत नसेल, तर सरावासाठी ते पुस्तक नको. चित्रात हत्ती आणि खाली ‘एलिफंट’ अशी पुस्तकं अंदाज करायलाच शिकवतात, आणि तुमच्या मुलाची तीच सवय मोडायची आहे.

दोन्ही भाषांत अडत असेल, तर मराठीसाठी विकतच्या बाराखडी-तक्त्यापेक्षा घरची कार्डं चांगली. जाड कार्डशीटचे चार इंची तुकडे करा, त्यावर काळ्या मार्करने अक्षर लिहा. काना, मात्रा, वेलांट्या, उकार मात्र पारदर्शक ओएचपी शीटच्या पट्ट्यांवर लाल रंगात काढा. पट्टी ‘क’वर सरकवली की ‘का’, तीच ‘म’वर नेली की ‘मा’. चिन्ह अक्षरापासून वेगळं आहे हे मुलाच्या हाताला कळतं. काना आधी, मग दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे वाचत आलेलं मूल तिथे थबकतं. ‘सूर्य’मधला रफार तर त्याहून अवघड, तो सगळ्यात शेवटी. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. पहिलं अक्षर पक्कं झाल्यावर, आठवड्याभराने दुसरं.

रंगीत काचांचे चष्मे आणि वाचनासाठीचे ‘डोळ्यांचे व्यायाम’ यांवर पैसे घालू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेत्रतज्ज्ञांसोबत काढलेल्या २००९ च्या निवेदनात त्यांना शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलंय. त्यापेक्षा उतारा मुक्तसारख्या मोफत फाँटमध्ये २० ते २४ पॉइंटला, दोन ओळींत मोकळी जागा ठेवून छापा आणि वाचताना ओळीखाली पट्टी धरा.

टॅब किंवा फोन घरात असेलच, तर त्याचं खरं काम वेगळं आहे. वाचन कच्चं म्हणून विज्ञान, परिसर अभ्यास मागे पडायला नकोत. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू केलं की पडद्यावरचा मजकूर ऐकता येतो, मराठीतही. काही पीडीएफ जुन्या फाँटच्या असल्याने फोन भलतंच काही वाचतो. तेव्हा पानाचा फोटो काढून गुगल लेन्समधून मजकूर घ्या. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर ही मुलांच्या पुस्तकांची वेबसाइट मोफत आहे. पातळी १ पासून सुरू करा, पण त्या गोष्टी ऐकण्या-रमण्यासाठी. अक्षरं मोजूनमापून लिहिलेल्या नसल्याने फोनिक्सच्या सरावाला त्या चालत नाहीत.

सराव रोज १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस: पाच मिनिटं जुनी कार्डं, पाच मिनिटं एकच नवी गोष्ट, पाच मिनिटं वाचन. तासभर बसवलंत तर मूल पुस्तक दिसताच पळेल. दोन महिन्यांनी ‘असर’चा दुसरा नमुना वापरून पुन्हा तपासा. पायरी हलली नाही, तर आणखी साधनं घेत बसू नका, अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटी, उदा. डिस्लेक्सिया) तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. सायन रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. ऐरोलीहून ठाण्याला येऊन मध्य रेल्वेने सायनला उतरता येतं. जाताना मागची प्रगतिपुस्तकं, त्याच्या स्वतःच्या अक्षरातल्या दोन-तीन वह्या आणि तुम्ही घेतलेल्या दोन्ही चाचण्यांचे तारीख घातलेले कागद सोबत ठेवा.