चक्रधरचा राग येतो? येऊ द्या

प्रश्न : विश्राम बेडेकरांची 'रणांगण' कॉलेजात असताना एका बैठकीत वाचली आणि ढसाढसा रडले होते. परवा मुलीला द्यावी म्हणून कपाटातून काढली, आधी स्वतःच वाचायला बसले, तर नायक चक्रधरचा नुसता संताप आला. कादंबरी जुनी झाली का? मुलीला देऊ की नको?

उत्तर : द्या की! फक्त चक्रधरबद्दल आधी काही बोलू नका.

विशीत आपण त्यात प्रेमकथा वाचतो. युरोपातून निघालेली बोट, नाझींच्या जाचातून सुटलेली ज्यू हॅर्टा, उमा नावाच्या मुलीच्या प्रेमात आधीच पोळलेला आपला मराठी तरुण चक्रधर. मुंबई जवळ येते तसा जीव वरखाली होतो, आणि ताटातुटीचं खापर आपण परिस्थितीवर फोडून मोकळे होतो. पुढे कधीतरी वाचताना खटकतं, की अरे, या गृहस्थाला मुंबईला उतरता येतंय, देश आहे, माणसं आहेत, तरी हा हात आखडताच घेतो. जिला उतरायला किनारा नाही, ती मात्र सगळं देऊन बसते. तुम्हाला आलेला संताप बेडेकरांनीच पेरून ठेवलाय. गोष्ट चक्रधर सांगतो, पण कादंबरी त्याची वकिली करत नाही. 'मी' सांगणाऱ्या कादंबऱ्या मराठीत पुष्कळ आहेत. बहुतेकांना आपल्या 'मी'ची फार दया येते, असं माझं आपलं मत.

शिवाय पुस्तक १९३९चं, महायुद्धाच्या तोंडावरचं. पुढे ज्यूंचं काय झालं, हे लिहिताना बेडेकरांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे बोटीवरच्या निर्वासितांचं साधं बोलणंसुद्धा आता अंगावर येतं. आणि एवढ्याशा पुस्तकात भाषणबाजी कुठेच नाही.

शेवटची पत्रं मात्र पुन्हा वाचा, सावकाश. पहिल्या वेळी पुढे काय होतं या घाईत ती पळवली जातात. (काय होतं ते इथे सांगत नाही, काहींचं वाचायचं राहिलं असेल.) हॅर्टा लिहिते तेव्हा चक्रधर सुखरूप आपल्या देशात पोचलेला आहे, एवढं ध्यानात ठेवा.

मुलीला प्रत नवी घेऊन द्या. तुमच्या जुन्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा असतील, तर तिचं लक्ष आईला काय आवडलं होतं याकडेच जाईल.