प्लूटोच्या आधी सेरेसही गेला होता

(गेल्या काही आकाशदर्शनांत वाचकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेल्या प्रश्नांपैकी चार.)

आजोबांच्या पुस्तकात नऊ ग्रह, माझ्या पुस्तकात आठ. असं मत देऊन ग्रह ठरवतात का? (नववीतली विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

मत दिलं ते नावावर. प्लूटो होता तसाच, होता तिथेच आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने तीन अटी घातल्या: सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल व्हायला हवं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडकला आणि 'बटुग्रह' झाला.

पण तुझ्या आजोबांच्याही पणजोबांच्या काळात हेच एकदा घडलं होतं. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सेरेस सापडला आणि ग्रह म्हणून त्याचं स्वागत झालं. १८०७ पर्यंत त्याच भागात पॅलास, जुनो, व्हेस्टा सापडले. तेही ग्रहच! १८४५ पासून मात्र नव्या पिंडांची रांगच लागली आणि यादी आवरेना. शेवटी या सगळ्यांना लघुग्रहांच्या वेगळ्या पंगतीत बसवलं. सेरेस जेमतेम ९४० किलोमीटर व्यासाचा, तरी पन्नासेक वर्षं ग्रह म्हणून मिरवला.

प्लूटोची गोष्ट याच वळणाची. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांनी जानेवारीतल्या दोन रात्रींच्या छायाचित्रांच्या काचा यंत्रात आलटून पालटून पाहिल्या. सगळे तारे जागच्या जागी, एक ठिपका मात्र इकडून तिकडे उडी मारत होता. तेव्हा तो पृथ्वीच्या तोडीचा असेल असं वाटलं. १९७८ मध्ये त्याचा उपग्रह शॅरन सापडला, त्यावरून वजन काढता आलं आणि ते निघालं पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास. १९९२ पासून त्याच्या आळीतले शेजारी सापडू लागले. २००५ मध्ये एरिस सापडला, तो तर प्लूटोपेक्षा वजनदार. आता एरिसला दहावा ग्रह म्हणायचं की प्लूटोला उठवायचं? मतदान आलं ते इथे.

परिसर मोकळा म्हणजे काय? पृथ्वीच्या वाटेतही लघुग्रह येतातच ना? (निवृत्त गिरणी कामगार)

प्रश्न रास्त आहे. 'मोकळा' हा शब्दच फसवा आहे, झाडू मारल्यासारखा वाटतो. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक निघाली की गर्दी आपोआप बाजूला होते. माणसं असतातच, पण सरकायचं कोणी हे ठरलेलं असतं. कक्षेत तसा दबदबा हवा. स्टीव्हन सोटर या शास्त्रज्ञाने याचा हिशोबच मांडला: पृथ्वीचं वस्तुमान तिच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या इतर पिंडांच्या एकूण वस्तुमानाच्या सुमारे १७ लाख पट भरतं. प्लूटोचं मात्र त्याच्या पट्ट्यातल्या इतरांच्या एकदशांशही नाही. उलट तोच नेपच्यूनच्या तालावर चालतो. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन.

माझं विचाराल तर, ही अट मला पटते, तिची शब्दरचना पटत नाही. किती वस्तुमान, किती मोकळं, याचा आकडा ठरावात नाही. शिवाय व्याख्या फक्त आपल्या सूर्यापुरती; इतर ताऱ्यांभोवती हजारो ग्रह सापडलेत, त्यांच्यासाठी वेगळे निकष वापरावे लागतात. आणि केवळ आकारावर ठरवायचं म्हटलं तर गुरूचा उपग्रह गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे, त्याचं काय करणार?

नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू, केतू येतात. मग आपले पूर्वज चुकले का? (गृहिणी, अक्कलकोट रोड)

नाही. त्यांचा 'ग्रह' वेगळा होता. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जागा बदलणारं ते सगळं ग्रह, म्हणून सूर्य-चंद्रही आले. राहू-केतू हे तर पिंडच नाहीत. चंद्राची वाट सूर्याची वाट जिथे छेदते ते दोन बिंदू. ग्रहणं त्यांच्याजवळच होतात, म्हणजे त्यांचा हिशोब ठेवणाऱ्याला आकाश चांगलं कळत होतं. पत्रिकेचं विचारू नका, ते माझं दुकान नाही.

तीन इंची दुर्बीण घेतली आहे. शनीची कडी दिसली. प्लूटो दिसेल? (दुकानदार, विजापूर रोड)

नाही दिसणार, तो तुमच्या दुर्बिणीसाठी फारच अंधूक आहे. त्याऐवजी सेरेस शोधा. प्रतियुतीच्या, म्हणजे आपल्याकडून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो त्या, सुमारास तो साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो. गच्चीवरून शहराच्या उजेडात जमणार नाही, नान्नजच्या बाजूच्या माळावर जा. मोबाइलच्या आकाशनकाशात त्याची जागा पाहा, त्या भागातले आठ-दहा ठिपके वहीत काढा आणि घरी या. दोन दिवसांनी पुन्हा तोच भाग, नवं पान. मग तिसरं. पानं शेजारी ठेवलीत की एक ठिपका सरकलेला दिसेल. पियाझी यांनीही हेच केलं. फेब्रुवारीत आजारी पडले आणि निरीक्षण थांबलं. तेव्हा कानटोपी विसरू नका.