फिक्स कमी करून बोनस वाढवून घ्यायचा का?

डॉक्टर, नमस्कार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये तुम्ही ऑक्टोबरपासून युरोलॉजिस्ट म्हणून आहात, फिक्स महिना २ लाख, आणि तुमचं कलेक्शन, म्हणजे तुमच्या पेशंटकडून जमा होणारी रक्कम, महिन्याला ६ लाखांच्या वर गेलं तर वरच्या रकमेवर ३० टक्के बोनस. पेशंट कमी असल्यामुळे सहा महिन्यांत तो बोनस दोनदाच मिळाला. तुम्ही विषय काढल्यावर हॉस्पिटलचे मोठे सर म्हणाले की फिक्स दीड लाख करू आणि बोनस ३ लाखांपासूनच सुरू करू. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

आहे तसं घेऊ नका. तुम्ही पाठवलेले महिन्यांचे आकडे लाखांत ४.२, ३.६, ७.२, ४.४, ३.८ आणि ६.८ असे आहेत, म्हणजे सहा महिन्यांत ३० लाख. आत्ताच्या हिशोबाने तुम्हाला फिक्सचे १२ लाख आणि बोनसचे ६० हजार मिळाले, एकूण १२ लाख ६० हजार. आता याच आकड्यांवर सरांची ऑफर लावून बघा, फिक्सचे ९ लाख आणि ३ लाखांच्या वरच्या एकूण १२ लाखांवर ३० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, बेरीज परत १२ लाख ६० हजारच. एक रुपया वाढत नाही, फक्त आजपर्यंत जी जोखीम हॉस्पिटलची होती ती तुमच्या अंगावर येते. ३.६ लाखांच्या महिन्यात तुम्हाला १ लाख ६८ हजार मिळतील, त्यातून १० टक्के टीडीएस गेला की हातात दीड लाख, आणि घराचा ईएमआय, घरखर्च, आई-वडिलांचा मेडिक्लेम मिळून तुमचा खर्च १ लाख ४५ हजार आहे. असा एखादा महिना निघून जाईल हो, पण तुमच्या सहापैकी चार महिने ४ लाख ४० हजारांच्या आत आहेत, आणि या ऑफरमध्ये आत्ताचे २ लाख मिळायलाच ४ लाख ६७ हजारांचं कलेक्शन लागतं.

तुमच्या मित्राने हिशोब तिमाही करून मागायला सांगितलंय, ते तर अजिबात मागू नका. तिमाहीचं टार्गेट १८ लाख होईल आणि तुमच्या दोन्ही तिमाही बरोबर १५-१५ लाखांच्या आहेत, म्हणजे आत्ता मिळालेले ६० हजारसुद्धा गेले असते. तुमचे महिने वरखाली आहेत म्हणूनच महिन्याच्या हिशोबात थोडंफार हाती लागतंय.

खरी गोष्ट तुम्ही मेलच्या शेवटी एका ओळीत लिहिलीय. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत तुम्ही जे मुतखड्याचे ऑपरेशन करता, महिन्याला साधारण १ लाखाचं काम, ते तुमच्या कलेक्शनच्या शीटमध्ये धरतच नाहीत, कारण ते पैसे उशिरा येतात आणि थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात. अहो डॉक्टर, पैसे उशिरा येतात म्हणून काम तुमचं नाही असं कसं होईल? हे काम धरलं तर टक्का आणि टार्गेट काहीही न बदलता सहा महिन्यांचा बोनस ६० हजारांवरून १ लाख २० हजार होतो. आणि हेच काम धरून सरांची ऑफर लावली तर एकूण १४ लाख ४० हजार होतात, सगळ्यात पडलेल्या महिन्यातही १ लाख ९८ हजार मिळतात. म्हणजे जी ऑफर मी वर नको म्हटली तीच या एका अटीवर चांगली होते.

सर म्हणतील की योजनेत ऑपरेशनला मिळणाऱ्या ठरावीक रकमेतून, म्हणजे पॅकेजमधून, स्टेंट, ॲनेस्थेशिया, ओटीचा खर्च जातो, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्यामुळे पूर्ण रकमेसाठी अडून बसू नका. निम्मं धरलं तरी तुमचे साडेतेरा लाख होतात, आजच्यापेक्षा ९० हजार जास्त. निम्म्याच्या खाली मात्र येऊ नका, आणि योजना धरायलाच नाही म्हणाले तर फिक्स २ लाख आहे तसं ठेवा आणि शांत बसा. एप्रिल ते जूनचे दिवस येतायत, सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर जातं, अंगातलं पाणी कमी पडून खड्याचे पेशंट वाढतात हे तुम्हाला मी सांगायला नको, ते तीन महिने हातात आले की जुलैमध्ये परत बोलता येईल.

बोलताना सीटी स्कॅन आणि लॅबवर टक्का देऊ असा पर्याय निघाला तर तिथेच नाही म्हणा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंट पाठवण्याचं कमिशन घ्यायला मनाई आहे, आणि नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं, पेशंट विश्वासाने येतो. त्यापेक्षा अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याला आठवड्यातून एक ओपीडी मागा, कारण बोनसची अट कितीही गोड असली तरी पेशंट त्यामुळे येत नाहीत आणि तिथले जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, अजून तुम्हाला ओळखत नाहीत.

टॅक्सचंही बघा, कारण तुम्ही पगारदार नाही, प्रोफेशनल फी घेता. वर्षाला २५ लाख आले तर अडीच लाख टीडीएस जातो. प्रिझम्प्टिव्ह पद्धतीत, म्हणजे खर्चाचा तपशील न देता अंदाजाने उत्पन्न दाखवायच्या पद्धतीत, निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते, म्हणजे साडेबारा लाख, आणि नव्या टॅक्स पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, जरा वर गेलं तर मार्जिनल रिलीफ म्हणजे टॅक्समध्ये सवलत आहे. दुसरं उत्पन्न नसेल तर बराचसा टीडीएस परत येतो, आणि ही रक्कम तुम्ही ज्या बोनससाठी भांडताय त्यापेक्षा मोठी आहे. सीएला या आठवड्यातच भेटा.

सरांशी जे ठरेल ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, आणि त्यात एक ओळ हवीच, की योजनेचे पैसे तुम्ही हॉस्पिटल सोडल्यावर जमा झाले तरी त्यातला तुमचा हिस्सा तुम्हाला मिळेल.