घरच्या घरी पिझ्झाचे वेगवेगळे प्रकार आणि जगातलं साधं घरगुती जेवण करून बघायचंय, सुरुवात कशापासून करू?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत राहता, आजवर फक्त चेनवाला पिझ्झा खाल्लाय आणि घरात साधा ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) आहे, म्हणून त्याच हिशोबानं सांगते. मी बेळगावात शहापूरला असते, माहेर खानापूरकडचं, आणि चारपाच वर्षं झाली, दर शनिवारी रात्री आमच्या फ्रीजमधे कसलं ना कसलं पीठ भिजलेलं असतंच.

टॉपिंगवरून सुरुवात करू नका, भट्टीवरून करा. ज्या गावात जी भट्टी आणि जो ट्रे, तसा तिथला पिझ्झा झालाय. नेपल्सचा घ्या, तिथं १९८४ साली स्थापन झालेली एक संस्था आहे, खरा नापोलीचा पिझ्झा कशाला म्हणायचं याचे नियम तिनं ठरवलेत, लाकडाची भट्टी पार ४८५ डिग्रीपर्यंत तापलेली आणि त्यात पिझ्झा ६० ते ९० सेकंद, बस. म्हणून त्याची कड फुगते, वर काळे ठिपके पडतात आणि मधे तो ओलसर मऊ राहतो. चोर्ल्यावरून गोव्याला गेलो होतो तेव्हा मी तो पहिल्यांदा खाल्ला आणि मला वाटलं कच्चाच राहिलाय, पण तो तसाच असतोय. आपला ओटीजी जातो २५० पर्यंत. त्यात तेच पीठ आठदहा मिनिटं ठेवावं लागतं, तेवढ्यात पाणी सगळं उडतं आणि हातात येतो टोस्ट. सहा महिने मी त्याच्यामागं घालवले, तुम्ही घालवू नका.

त्याऐवजी डेट्रॉईटचा करा. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं गाव, तिथं कारखान्यात सुटे पार्ट ठेवायला जाड निळसर लोखंडी ट्रे असायचे, १९४६ च्या सुमाराला एका बारवाल्यानं त्याच ट्रेमधे पिझ्झा भाजायला सुरुवात केली असं सांगतात. हे वाचलं आणि मला लगेच आमचं बेळगावातलं, कारखान्यांचं उद्यमबागच आठवलं, इथंही घरटी एकजण फाउंड्रीत नाहीतर लेथवर असतोय. भावजींना सांगितलं, त्यांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून १० बाय ८ इंचाचा, दोन इंच खोल ट्रे वाकवून आणला. साधा काळा पत्रा घ्यायला सांगा, गॅल्वनाईजचा अजिबात नको, टोमॅटोच्या आंबटपणानं त्यातलं जस्त अन्नात उतरतं. मग घासून, तेल पुसून तीनचार वेळा तापवायचा, बिडाचा तवा करतो तसाच.

माप सांगते. मैदा २५० ग्रॅम, पाणी १७५, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. पीठ चिकटच राहणार, घाबरून वरनं मैदा घालू नका, हात ओला करून दुमडत राहा. रात्रभर फ्रीजमधे. सकाळी ट्रेला भरपूर तेल लावून त्यात पीठ बोटांनी पसरायचं, ताणत नसेल तर वीस मिनिटं सोडायचं आणि परत पसरायचं, आणि दोन तास फुगू द्यायचं (मे महिन्यात तासाभरातच फुगतंय). चीज थेट कडेपर्यंत, पत्र्याला टेकेल असं घालायचं, सगळी गंमत तिथंच आहे, ते कडेनं उतरतं आणि खरपूस काळसर जाळी धरते, आमच्या घरी त्या चार कोपऱ्यांवरून भांडणं होतात. सॉस वरून दोनतीन पट्ट्यांत. ओटीजी अर्धा तास आधी तापवून ठेवा, खालच्या रॅकवर १२ ते १५ मिनिटं.

शिकागोचा डीप डिश १९४३ पासूनचा, तो भाजायला वेळ फार लागतो म्हणून चीज खाली आणि सॉस वर, नाहीतर चीज करपतं. मला तो जड होतो. रोममधे ट्रेमधे भाजून, कापून, वजनावर विकतात, डेट्रॉईट जमला की तो जमतोच. तुर्कस्तानचं लाहमाजून जरूर करा, पातळ पोळी, वर खिमा, चीज नाहीच.

आता घरगुती पदार्थ. पहिला फारिनाता, इटलीत जेनोव्हाकडचा. बेसन, तिप्पट पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, चारपाच तास भिजवून पसरट भांड्यात कडक भट्टीत भाजायचं. तिकडची माणसं अर्जेंटिनाला गेली, आता तिथं याचा तुकडा चक्क पिझ्झावर ठेवून खातात, फाइना म्हणतात. मी पहिल्यांदा त्याच लोखंडी ट्रेमधे केला, तर सासूबाई एक घास घेऊन म्हणाल्या, "अगं हे तर आमचं पोळंच की, कांदा कुठं गेला?" पण वरून कुरकुरीत आणि आत खरवसासारखं थरथरतं, ते तव्यावरच्या पोळ्यात, म्हणजे धिरड्यात, येत नाही.

पोलेंटा म्हणजे शिजवलेला मक्याचा भरडा, जोंधळ्याच्या कण्या ज्यांनी ताकाबरोबर खाल्ल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. उरलेला थिजला की वड्या कापून तव्यावर तेलात भाजायच्या.

आणि जपानची ओकायू. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पाऊण तास, सारखं ढवळायचं नाही, ढवळलं की खळ होते. तिकडं आजारी माणसाला हीच देतात, वर उमेबोशी म्हणून मिठात मुरवलेलं आंबट फळ. गेल्या पावसाळ्यात लेकीला ताप होता, तोंडाला चव नव्हती, मऊ भातसुद्धा नको म्हणत होती. मी इकडच्या बासमतीची ओकायू केली, उमेबोशी कुठनं आणणार, आईनं खानापूरहून दिलेलं लिंबाचं जुनं काळं लोणचं होतं त्याची एक फोड ठेवली. वाटीभर खाऊन झोपली.