कानाझावासाठी वाट वाकडी करावी का?

प्रश्न : नोव्हेंबरअखेर आम्ही पतिपत्नी टोकियो आणि क्योतोला जाणार आहोत. मध्ये एक दिवस कानाझावाला उतरून केनरोकुएन उद्यान पाहण्याचा विचार आहे; पण त्या दिवसांत फुले नसतात आणि पाऊस फार असतो असे ऐकले. जावे का?

उत्तर : अवश्य जावे, मात्र एकाऐवजी दोन दिवस द्यावेत. पावसाचे आपण ऐकले ते खरे आहे. ‘डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका’ असे तिथले लोकच म्हणतात. परंतु जपानच्या समुद्रावरून येणारा हा ओलावाच या गावाचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे येथे पडणारे बर्फ ओले आणि जड असते, त्याच्या भाराने फांद्या मोडतात, म्हणून १ नोव्हेंबरपासून माळी झाडांना दोर बांधू लागतात. पहिला मान कारासाकी पाइनचा. बिवा सरोवराच्या काठावरून आणलेल्या बीपासून वाढवलेल्या या झाडात उंच खांब उभारून त्यांच्या टोकांपासून एकेका फांदीपर्यंत पेंढ्याचे दोर ताणलेले असतात. दुरून पाहावे तर उघडलेल्या छत्रीच्या नुसत्या काड्या दिसाव्यात. आपण जाल तेव्हा इतर झाडांवर हे काम चालूच असेल. फुलांपेक्षा मला हे दृश्य अधिक मोलाचे वाटते.

माएदा सरदारांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेले हे उद्यान १८७४ मध्ये सर्वांना खुले झाले. वरच्या तळ्याच्या पाण्याच्या दाबावर, पंपाशिवाय उडणारे तिथले कारंजे चुकवू नये. भल्या पहाटे प्रवेश विनामूल्य असतो. मात्र नेहमीची वेळ सुरू होण्यापूर्वी बाहेर पडावे लागते.

दुसरा दिवस हिगाशी चाया या जुन्या चहाघरांच्या पेठेसाठी ठेवावा. १८२० मध्ये बांधलेले ‘शिमा’ हे घर आतून पाहता येते. जपानमधील जवळजवळ सर्व सोन्याचा वर्ख कानाझावात तयार होतो आणि त्या नाजूक कामालाही हीच दमट हवा मानवते. वर्ख लावलेले आइस्क्रीम मिळते. चवीत त्याने काहीही फरक पडत नाही.

टोकियोहून शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने सुमारे अडीच तास लागतात. ‘कागायाकी’ गाडीत सर्व आसने आरक्षित असतात, तेव्हा तिकीट आधी काढावे. क्योतोकडे जाताना मात्र त्सुरुगा येथे गाडी बदलावी लागते. मार्च २०२४ पासून थेट गाडी उरलेली नाही.