बाळाचा विचार आणि ‘ग्रीन’ घर : तुमचे प्रश्न

प्रश्न : आम्ही बाळाचा विचार करतोय. घरातलं सगळं प्लास्टिक काढून टाकू का?

सगळं कशाला? फेकलेलं प्लास्टिक शेवटी कुठेतरी जाऊन पडतंच. लक्ष द्यायचं ते प्लास्टिक तापतं तिथे. प्लास्टिकमधली बीपीए, थॅलेट्स ही रसायनं शरीरातल्या हॉर्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि डबा तापला किंवा आत तेलकट पदार्थ असला की ती अन्नात जास्त उतरतात. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनी माती, गरम जेवणाला स्टील. कोरडं धान्य प्लास्टिकच्या बरणीत आहे? राहू द्या.

‘बीपीए-फ्री’ या शिक्क्यावर फार विसंबू नका. बीपीए काढून पुष्कळदा त्याचाच भाऊबंद बीपीएस वापरतात. दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत, नखाने ओरखडा काढला की काळ्या पडणाऱ्या पावत्यांवरही हीच मंडळी असतात. युरोपीय संघाने २०२० पासून अशा कागदातल्या बीपीएवर कडक मर्यादा घातली. गरज नसेल तर पावती घेऊच नका. बीपीए शरीरातून साधारण दिवसभरात बाहेर पडतं, त्यामुळे सवय बदलली की त्याचं प्रमाण लवकर उतरतं. माशांतला पारा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. मासे खात असाल तर शार्क, स्वोर्डफिशसारखे मोठे शिकारी मासे आतापासूनच टाळा.

प्रश्न : नवरा म्हणतो, ‘हे सगळं तुझं तू कर, माझा काय संबंध?’

त्यांना हे उत्तर वाचायला द्या. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज सिगारेट सोडली तर परिणाम दिसायला तेवढा धीर धरावा लागेल, म्हणून सुरुवात आजच हवी. वृषणं शरीरापेक्षा थोडी थंड राहावी लागतात. मांडीवरचा लॅपटॉप टेबलावर गेला तर वीजही जास्त लागत नाही!

प्रश्न : फोलिक अॅसिडची गोळी ‘केमिकल’ वाटते. पालेभाज्या वाढवल्या तर चालेल ना?

भाज्या जरूर वाढवा, पण गोळी सोडू नका. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही आधीपासून. काहींना डॉक्टर जास्त डोस देतात. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी चूर्णं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

प्रश्न : बाळाच्या खोलीसाठी जुनं लाकडी कपाट घासून रंगवतेय. नवं घेण्यापेक्षा बरं ना?

कल्पना छान, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ उडते. हे काम तुम्ही करू नका. नवऱ्यानेही नको.

प्रश्न : वय ३६. आठ महिने सगळं ‘ग्रीन’ केलं, तरी दिवस गेले नाहीत.

पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न झाले की तपासणीला जावं. डबे बदलून बंद गर्भनलिका उघडत नाही. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, आणि दोघांच्या तपासण्या एकदमच करून घ्या.